ॲक्सोलॉटल आणायचाय? मग आधी नुसतं पाणी दोन महिने सांभाळा

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये २०२१ साली ॲक्सोलॉटल आला आणि तेव्हापासून घराघरात पोरांनी आईबाबांच्या मागे भुणभुण लावलीये, त्यात मोठेही आलेच कारण तो गुलाबी चेहरा आणि ती गळ्याभोवतीची पिसांसारखी कल्ल्यांची झालर बघून कुणीही विरघळतं. पण दुकानात जाऊन एकाच दिवशी काचेचा टँक, रंगीत खडे, फिल्टर आणि पिशवीत प्राणी असं सगळं घेऊन येऊ नका प्लीज. तसं आणलेले खूप ॲक्सोलॉटल लवकर मरतात, आणि का ते बघितलं तर बहुतेक वेळा कारण दोनच, गरम पाणी आणि न मुरलेला टँक, म्हणजे ज्यात घाण पचवणारे जीवाणू अजून तयार झालेले नाहीत असा.

हा मासा नाही हे आधी डोक्यात पक्कं बसवा. हा उभयचर आहे, बेडकाच्या लांबच्या भावकीतला, फक्त हा आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि कल्ले तसेच ठेवतो. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को आणि चाल्को तलावांतला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, तिथलं पाणी थंड. चाल्को तर जवळजवळ आटवूनच टाकला, सोचिमिल्कोचे उरलेत ते कालवे, आणि जंगली ॲक्सोलॉटल आता नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. घरात पाळतात ते पिढ्यानपिढ्या टँकमध्येच वाढलेले, पण अंगातली थंडीची गरज तीच राहिली.

म्हणून सगळ्यात आधी तापमान. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं, २० पर्यंत ठीक, २४ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आता तुमच्या घरात मे महिन्यात टँकचं पाणी किती असेल ते स्वतः मोजा, पुण्यात असा नाहीतर नागपूरला. अंदाज नको, एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि बादलीभर पाणी खोलीत ठेवून आठवडाभर दुपारी आणि रात्री आकडा लिहून ठेवा. तीसच्या आसपास दिसला तर तुम्हाला चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं मशीन लागणार, त्याला पर्याय नाही. लोक सांगतात की टँकवर छोटे फॅन लाव, पाण्याची वाफ होऊन थंड होतं. होतं, पण २ ते ४ अंशच, आणि तेही हवा कोरडी असेल तर. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेत आधीच इतकी ओल की फॅनचा फार उपयोग नाही. एसी रात्रंदिवस २४ वर चालवला तरी पाणी साधारण तिथंच येऊन थांबतं. बर्फाची बाटली टाकणं हे लाईट गेल्यावरचं काम आहे, रोजचा उपाय म्हणून करू नका, कारण पाणी सारखं थंड-गरम-थंड होत राहिलं तर त्याला त्याचाच जास्त ताण येतो. चिलरचा खर्च या सगळ्यातला सगळ्यात मोठा, त्यामुळे बजेट बघताना सुरुवातच तिथून करा, आणि तो परवडत नसेल तर माझं अगदी मनापासून सांगणं आहे की ॲक्सोलॉटल नका घेऊ, गप्पी घ्या, त्यांना आपली हवा छान मानवते.

चिलर मागून गरम हवा फेकतो, त्यामुळे त्याला टँकखालच्या बंद कपाटात कोंडू नका, मागे वीतभर तरी मोकळी जागा ठेवा.

टँक कितीचा? एका मोठ्या ॲक्सोलॉटलला कमीत कमी ७५ लिटर, पण शक्य असेल तर सरळ ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा घ्या, काठोकाठ भरला तर १९० लिटरच्या आसपास बसतं आणि दोघं आरामात राहतात. पाणी जास्त म्हणजे घाण पातळ होते आणि तापमानही पटकन हलत नाही. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची कारण हा तळावर चालणारा प्राणी आहे. भरल्यावर नुसत्या पाण्याचं वजनच पावणेदोनशे किलोच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या युनिटवर वगैरे ठेवायचा विचारही नको, मजबूत लोखंडी स्टँड करून घ्या. जागा निवडताना पश्चिमेची खिडकी टाळा, स्वयंपाकघर टाळा, आणि त्या खोलीत डास मारायचं मशीन, अगरबत्ती, पेस्ट कंट्रोलचा स्प्रे हे काहीही नको. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि उभयचरांची कातडी सगळं आत शोषून घेते. वर जाळीचं झाकण पाहिजेच, हे उडी मारतात.

तळाला काय घालायचं तर काहीच नाही! मोकळी काच बेस्ट. दुकानदार रंगीत खडे हमखास गळ्यात मारेल, घेऊ नका, कारण हा तोंड उघडून पाण्यासकट सगळं आत ओढतो आणि खडा पोटात अडकला की संपलं. मोठा झाल्यावर, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पुढे, अगदी बारीक वाळू चालते. लपायला जागा मात्र नक्की द्या, प्रत्येकाला निदान एक. ४ इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा कडा घासून, किंवा रंग न दिलेली मातीची कुंडी आडवी टाकून, दोन्ही मस्त चालतात. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे झगझगीत लाईट नको, जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस ही झाडं कमी उजेडात जगतात तीच लावा. फिल्टर स्पंजचा सगळ्यात सोपा, चिलरसाठी पंप लावलात तर पाण्याची धार काचेकडे वळवा. जोराचा प्रवाह त्याला सोसत नाही, कल्ले पुढच्या बाजूला वळलेले दिसले की समजा काहीतरी त्रास होतोय, प्रवाह किंवा पाणी.

आता खरं काम, टँक मुरवणं, ज्याला सगळे सायकलिंग म्हणतात. प्राण्याच्या शी-शू मधून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष, मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की जातं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये घर करायला ४ ते ८ आठवडे घेतात, विरजणासारखं आहे, घाई करून लागत नाही.

करायचं असं. टँक भरा, डीक्लोरिनेटर, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध घाला (कोरफड असलेलं नको, उभयचरांना ते चालत नाही), फिल्टर चालू. मग शुद्ध अमोनियम क्लोराईड घाला, म्हणजे आपला नवसागरच पण किराणा दुकानातला नाही, लॅब ग्रेडचा, १०० लिटरला अर्धा ते पाऊण ग्रॅम, आणि टेस्ट करून अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) येतोय का बघा. टेस्ट किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. या काळात चिलर बंदच ठेवा, जीवाणू २५-२८ अंशांत भराभर वाढतात आणि आत कुणी राहत नाहीये. अमोनिया खाली आला की परत २ पर्यंत आणायचा. आधी नायट्राइट वर चढेल, मग नायट्रेट दिसायला लागेल. ज्या दिवशी २ पीपीएम घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, त्या दिवशी टँक मुरला. कुणा मित्राच्या जुन्या निरोगी टँकमधल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. मग चिलर लावून पाणी १८ वर आणा, थंडीत जीवाणू थोडे मंदावतात म्हणून अजून आठवडाभर अमोनिया घालून तपासत राहा, आणि शेवटी बरंचसं पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली.

पाणी नळाचं चालेल, थोडं जड असलेलं त्याला उलट आवडतं, पीएच ७.४ ते ७.६ उत्तम. आरओचं नुसतं पाणी नको, त्यात क्षारच उरत नाहीत.

आणताना एकच आणा, निदान ७-८ सेंटीमीटरचा, बारकी पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. दोन हवेच असतील तर सारख्या आकाराचे, आणि नर-मादी एकत्र नकोत कारण मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. सोबत मासे नकोत, टँक साफ राहतो म्हणून सकर मासा तर अजिबात नको, तो अंगावरचा चिकट थर खरवडून काढतो. आणि कागदपत्रं मागा. ॲक्सोलॉटल सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद वन्यजीव कायद्याखाली सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. अमेरिकेत असाल तर आपल्या राज्याचा नियम बघा, कॅलिफोर्नियात पाळायला बंदीच आहे.

खायला गांडुळं, पण कीटकनाशक न मारलेल्या मातीतली. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं कडवट असतात, बरेच जण थुंकून टाकतात. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा, उरलेलं लगेच काढायचं. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी थेट ओतू नका, आधी बादलीत थंड करून टँकइतकं आणा.

गणपतीला गावी जाणार असाल तर मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर न खाता सहज राहतो, त्यामुळे शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगू नका, ते हमखास जास्त टाकतात. त्यांना किल्ली द्या, फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवून ठेवा, आणि दिवसातून दोनदा थर्मामीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, आकडा २१ च्या वर दिसला की एक बाटली टँकमध्ये.