हाडांसाठी तेल कुठलं, बांगडा किती आणि फुगडी का

मागच्या पावसाळ्यात आमची आई परसात विहिरीजवळ शेवाळावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ६४. पडली ती उभ्या जागेवरच, कुठून उंचावरून नाही, आणि असं साधं पडून हाड मोडलं की हाड आधीच विरळ झालंय असं धरून चालायचं आणि प्लास्टर निघायची वाट न बघता डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीची, चौकशी करायची. आईचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण माणसाच्या निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.७ आला. उणे १ पर्यंत ठीक असतं, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं विरळ, ठिसूळ झालेली.

मग व्हिटॅमिन डीची पाकिटं सुरू झाली, आठवड्याला एक, ६०,००० युनिटची. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर डी जेमतेम हललेलं. मी विचारलं गं घेतेस कशी, तर म्हणे पहाटे उठल्या उठल्या, कोऱ्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी. वर कोलेस्टेरॉलच्या भीतीनं तिनं जेवणातलं तेल जवळजवळ बंद केलेलं, हुमणातसुद्धा (माशाच्या आमटीत) खोबरं कमी. व्हिटॅमिन डी तेला-तुपात विरघळतं, त्यामुळे जेवणात थोडी चरबी असली तर ते आतड्यातून नीट शोषलं जातं, हे एवढंसं वाक्य तिला कोणी सांगितलंच नव्हतं, ना पाकीट लिहून देणाऱ्यांनी ना विकणाऱ्यांनी. याचा मला अजून राग आहे. आता ती ते पाकीट दुपारच्या जेवणानंतर घेते, शीत-हुमण (भात-आमटी) जेवून झालं की लगेच, आणि पुढच्या तपासणीत आकडा वर आला. तुमच्या घरात कोणी घेत असेल तर आजच वेळ बदला. आणि ते ६०,००० वालं पाकीट डॉक्टरनं सांगितलंय तेवढेच आठवडे घ्यायचं, मनानं वर्षभर चालू ठेवायचं नाही, डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो.

तर पहिली गोष्ट, तेल बंद करू नका, मोजा. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे, तूप-खोबरेल सगळं धरून. चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण अडीच-तीन लिटर होतं. महिन्याच्या एक तारखेला बाटल्यांवर पेननं तारीख घाला, दुसरं काही मोजावं लागत नाही. कॉलेजातल्या मुली वजनापायी तेल आणि जेवण दोन्ही तोडतात, त्यांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते हाडांचं नुकसान सुरू झाल्याचं लक्षण आहे, कारण पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं आणि हाडं धरून ठेवणारं हार्मोन तेच. हाडांची जास्तीत जास्त साठवण साधारण तिशीपर्यंतच होते हो, ती वर्षं परत येत नाहीत.

आता कुठलं तेल. खोबरेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी सॅच्युरेटेड असते. आपल्याकडं गोव्यात खोबरं सोडा म्हणणं म्हणजे जेवण सोडा म्हणण्यासारखं आहे, ते मी म्हणत नाही, पण सगळी चरबी याच जातीची नको. सॅच्युरेटेड चरबीतली काही आम्लं आतड्यात कॅल्शियमला धरून साबणासारखं काहीतरी बनवतात आणि तेवढं कॅल्शियम न शोषता बाहेर जातं. म्हणून फोडणीला शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल, आणि खोबरं वाटपात, असं वाटून घ्या. वनस्पती तूप घरात नकोच. २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक अशी चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतल्या तेलाला ती मर्यादा कोण लावणार.

आणि आपलं भाग्य म्हणजे बांगडा. बांगडा, तारले, पेडवे यांच्यात ओमेगा-३ ही चांगली चरबी भरपूर असते, थोडं व्हिटॅमिन डीही. शरीरात सूज सतत धुमसत राहिली की हाडं कुरतडणाऱ्या पेशींना चेव येतो, ओमेगा-३ ती सूज कमी करायला मदत करतं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज रवा फ्राय नको, तळणाचं तेल वेगळं पोटात जातं, तिरफळ घालून केलेलं हुमण उत्तम. पेडवे लहान असले तर काट्यासकट चावून खायचे, कॅल्शियम त्या काट्यात असतं, मांसात फार कमी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते तेव्हा ताजी मासळी महाग होते, तेव्हा जवळ्याची किसमूर (सुक्या जवळ्याची खोबरं घातलेली कोशिंबीर) आहेच, फक्त खारट सुकी मासळी आधी धुऊन घ्या कारण जास्त मिठाबरोबर कॅल्शियम लघवीतून जातं. शिवराक (शाकाहारी) असाल तर जवस आणि अक्रोड (शरीर त्यातला थोडाच भाग माशाच्या ओमेगा-३ सारखा करून घेतं, म्हणून रोज घ्या), आणि नाचणीचं तिझाण (खीर), तीळ, दही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दिवसाची गरज मोठ्या माणसाला १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला १२००.

पण हे सगळं खाऊन खुर्चीत बसून राहिलात तर उपयोग अर्धाच. हाडाच्या आत मगज (बोन मॅरो) असतो, त्यातल्या मूळ पेशींपुढे दोन वाटा असतात, हाड बांधणारी पेशी व्हायचं की चरबीची पेशी व्हायचं. वय वाढतं, हालचाल कमी होते तशा त्या चरबीकडं झुकतात. हाडावर दाब आणि हादरा पडला की त्यांना पुन्हा हाडाच्या वाटेवर ढकललं जातं. ज्या हाडावर भार पडतो ते जाड होतं हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ सालीच मांडलं होतं. टेनिसवाल्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच, आणि अंतराळवीरांची खुब्याची हाडं महिन्याला एक टक्का किंवा जास्त झिजतात तीही यामुळेच.

म्हणून पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी रमतगमत चाललात तर हृदयाला छान, पण हाडाला त्यात नवीन काही नाही, त्याची सवय झालेली असते. पोहणं आणि सायकल यांचंही तसंच. हाडाला हवा वेगळा, जरा जोराचा, थोडा वेळचा धक्का. आणि थोडा वेळ म्हणजे खरंच थोडा, काही डझन हादऱ्यांनंतर हाडाच्या पेशी ऐकेनाशा होतात, मग काही तास विश्रांती द्यावी लागते. सकाळी १०-१५ आणि संध्याकाळी १०-१५ उड्या या एकदम तीसपेक्षा चांगल्या.

हाडं धड असतील आणि वय कमी असेल तर जागेवर उड्या मारा, दोरी घ्या, पणजीतल्या मळ्याच्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढा. आणि बायांनो, फुगडी घाला! चवथीला पाच दिवस घालता ती वर्षभर घाला, त्यात पाय आपटणं आहे, दिशा बदलणं आहे, तोल सांभाळणं आहे, हाडाला जे लागतं ते जवळजवळ सगळं.

आईसारखं हाड आधीच विरळ असेल तर उड्या आणि फुगडी दोन्ही नको. ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहते, टाचा उचलते, वर दोन आकडे थांबते आणि टाचा सोडून देते, ओट्यावरच्या वाट्या किणकिणतात एवढा धप्प आवाज यायला हवा. दहादा, दिवसातून दोनदा. मग हात न टेकता खुर्चीतून उठबस दहादा. मग एका पायावर उभं राहणं, बोट ओट्याला लावून, कारण हाड मोडतं ते शेवटी तोल गेल्यावर.

वजन उचलणं मात्र टाळू नका. ऑस्ट्रेलियात कमी घनतेची हाडं असलेल्या वयस्क बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं, आठ महिन्यांत पाठीच्या कण्याची घनता वाढली, २०१८ मध्ये ते छापून आलं. देखरेखीखाली हा शब्द महत्त्वाचा. फिजिओथेरपिस्टकडून दोन-चारदा शिकून घ्या आणि मग घरी अर्ध्या कळशीपासून सुरुवात करा, उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. कणा विरळ असेल तर पुढे वाकून पायाची बोटं धरणं आणि कमरेत पिळा देणारी आसनं बंद, त्यानं मणका दबू शकतो. पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

पुन्हा डेक्सा लगेच दोन महिन्यांत करू नका, हाड इतक्या लवकर दिसण्याएवढं बदलत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर. आणि विहिरीजवळचं शेवाळ आम्ही आता दर पंधरा दिवसांनी खरवडतो, पावसात तर दर आठवड्याला.