नाट्यपदांचा अल्बम करताय? आधी ठेक्याचं ठरवा

नाटकात गाणाऱ्याला स्टुडिओ परका वाटतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय, आणि इथे माइक वीतभर अंतरावर. 'स', 'श' टोचतात, श्वास ऐकू येतो. हे थोड्या दिवसांत अंगवळणी पडतं, त्याची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायची ती एका वाक्याची: 'आधी ठेका भरून घेऊ, तुम्ही नंतर सवडीने गा.' ऐकायला सोयीचं आणि स्वस्तही. मीही मान डोलावली. तबलजी क्लिकवर, म्हणजे कानातल्या एकसारख्या टिकटिकीवर, केरवा ताल वाजवून निघून गेले. अंतरा किती आवर्तनांचा, म्हणजे तालाच्या किती फेऱ्यांचा, ताना किती, मुखडा कधी, सगळं आधीच मोजलेलं. आता प्रयोगात काय होतं ते आठवा. मुखडा घोळवताना एखादी जागा सुचते, आवर्तन वाढतं. ऑर्गनवाले मागोमाग येतात. तुम्ही समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, वळलात की तबलजी तुमच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात आणि मुखड्यावर लग्गी, म्हणजे तबल्याची चपळ साथ, उचलतात. शेवटाकडे लय किंचित चढते, ती कुणा एकाने चढवलेली नसते. भरून ठेवलेल्या ठेक्याला यातलं काही कळत नाही. तान सुचली तर आवर्तन संपलेलं, आणि रिकामी आवर्तनं समोर आली की काही सुचत नाही. पद बिनचूक होतं आणि पार निर्जीव. ती सगळी पदं मला पुन्हा गावी लागली, पदरमोड करून.

तेव्हा गायक, तबला, ऑर्गन एकाच वेळी. वेगवेगळ्या केबिन असल्या तर उत्तम, पण मध्ये काच हवीच, एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत. चुकलं तर अख्खं पद पुन्हा घ्या. जुन्या ऑर्गनची पट्टी आजच्या कीबोर्डशी जुळेलच असं नाही. तानपुरा ऑर्गनला लावा आणि नंतर वरून कीबोर्ड चढवू नका. भात्याची धाप थोडी ऐकू येते. येऊ दे, मला ती आवडते.

जुनी रेकॉर्ड ऐकून गळ्याची हरकत न् हरकत उतरवायची ही दुसरी पळवाट. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू साधारण साडेतीन मिनिटांत संपायची. बालगंधर्वांचं रेकॉर्डवरचं पद त्या मापात बसवलेलं आहे. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबायचं. हुबेहूब नक्कल करून घेणाऱ्या गुरूंबद्दल मला आदर आहे, पण अल्बमच्या महिन्यात त्यांच्याकडे फिरकू नये. आणि सूर मशीनवर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला मींडेपाशी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तिथे, तरी हात लावू देऊ नका.

हक्कांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पद जुनं म्हणून फुकट, असं नसतं. आपल्या कायद्यात शब्द आणि चाल दोन्हींवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. 'स्वयंवर' १९१६ चं. चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये. तिथे अडचण नाही. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, पण त्याचे संगीतकार अभिषेकीबुवा गेले १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. पदं निवडतानाच दोन याद्या करा: एक हक्क संपलेल्या पदांची, दुसरी परवानगी लागणाऱ्यांची. परवानग्यांना वेळ लागतो. तोवर पहिल्या यादीतली पदं गाऊन होतात.