शरदातल्या रंगांची तयारी

गौरी-गणपतीसाठी वाढवलेला तेरडा पिवळा पडून कलंडायला लागला, की दसरा-दिवाळीच्या फुलांची तयारी हातात घ्यावी. ही यादी पुण्या-नाशकाकडच्या पठारी हवेची आहे. कोकणात पाऊस जास्त रेंगाळतो, तिथे सगळं आठ-दहा दिवस पुढे न्यावं.

रोपवाटिकेत जाण्याआधी आपल्याकडचं ऊन पाहून ठेवायचं. बहुतेक जण मे-जूनमधलं ऊन आठवून रोपं आणतात आणि तिथेच गणित चुकतं. 22-23 सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो. उन्हाळ्यात ज्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन यायचं ती आता सावलीत जाते, आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला बघून कुठे किती तास ऊन पडतं ते लिहून ठेवा. पाच-सहा तास थेट ऊन असेल तिथे झेंडू, शेवंती, अॅस्टर. त्याहून कमी असेल तर अबोली आणि सोनटक्का. अगदीच सावली असेल तर फुलांचा हट्ट सोडून कोलियसच्या रंगीत पानांवर भर द्यावा. क्रोटनही पानांसाठीच लावतात, पण सावलीत त्याची नवी पानं हिरवीच निघतात, तेव्हा त्याला उजेडाची जागा राखून ठेवा.

मातीचं काम पितृपक्षात उरकावं. त्या पंधरवड्यात नवी खरेदी न करणारी घरं बरीच असतात, त्यामुळे वेळही बरा सापडतो. पावसाने कुंडीतली माती दबून घट्ट झालेली असते आणि तिच्यातला कस वाहून गेलेला असतो. कुंडी उपडी करून तळाचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर नीमपेंड एवढं पुरतं. भरपूर फुलं हवीत म्हणून युरिया टाकू नये. झाड पानांनीच माजतं आणि फुलं लांबतात.

झेंडू बियांपासून फुलायला साधारण दोन महिने घेतो. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी श्रावणाच्या सुरुवातीलाच पडायला हवं होतं. ती वेळ गेली असली तरी बिघडलं नाही, महिनाभराची रोपं आता आणून लावली तर दिवाळी साधते. उंच, मोठ्या फुलाचा झेंडू जमिनीत एक-सव्वा फुटावर लावावा. कुंडीला बुटका, तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांचा झेंडूच शोभतो. रोप रुजलं की शेंडा खुडायचा. जीवावर येतं, पण त्यामुळे बगलफुटी, म्हणजे बाजूच्या फांद्या, येतात आणि एका फुलाच्या जागी अनेक लागतात.

शेवंतीसाठी मात्र वेगळीच काळजी घ्यायची असते. रात्र मोठी होत गेली की ती कळ्या धरते, आणि ही रात्र तिला खरोखरच अंधारी लागते. जिन्याचा दिवा किंवा रस्त्यावरचा खांब रात्रभर तिच्यावर उजेड टाकत असेल तर झाड हिरवंगार दिसेल, पण कळ्या रखडतील. म्हणून आधी काळोखाचा कोपरा शोधा आणि मगच कुंडी आणा. पूर्ण उमललेली कुंडी घेऊ नये. कळ्यांनी भरलेली, एक-दोन कळ्यांत रंग दिसायला लागलेली घ्या, म्हणजे कोणती छटा आहे ते कळतं आणि बहर आपल्या घरी होतो. घेताना पान उलटून पाहा. काळा मावा दिसला तर ती कुंडी तिथेच ठेवा.

जांभळ्या-गुलाबी रंगांसाठी अॅस्टर. पुण्याच्या गणेशखिंडीत तयार झालेले ‘फुले गणेश’ वाण आपल्या हवेला जुळतात. अॅस्टर एकदाच बहरतो, म्हणून सगळी रोपं एकदम न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने लावावीत. बी जुनं घेऊ नका, वर्षभरातच त्याची उगवण ढासळते.

या सगळ्या गर्दीत कोरांटीला जागा ठेवाच, असं मी आग्रहाने सांगेन. पिवळी काटेरी, जांभळी, पांढरी, गुलाबी, कोणतीही चालेल. ऑक्टोबर हीटमध्ये संकरित रोपं माना टाकतात तेव्हा ती निवांत फुलत असते, आणि थंडीतही टिकते. विकत घ्यावी लागत नाही, शेजाऱ्याकडची फांदी लावली तरी रुजते. तिच्या पानांवर काही पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, म्हणून पानं कुरतडलेली दिसली तरी फवारा उचलू नका. रंगांच्या दृष्टीने जांभळी कोरांटी आणि केशरी झेंडू शेजारी-शेजारी लावून बघा. पांढरी शेवंती जिथे संध्याकाळी बसता तिथे ठेवा, कमी उजेडात तीच उठून दिसते.

केशरी कॉसमॉस फार लवकर रंग देतो हे खरं. पण घर टेकडीला किंवा माळाला लागून असेल तर तो लावू नये. त्याचं बी सहज पसरतं, आणि पुण्याच्या टेकड्यांवर तो आपल्या रानफुलांची जागा घेताना दिसतोच. सह्याद्रीवरची सोनकी कितीही आवडली तरी उपटून आणायची नाही.

पाऊस परतला की ऊन एकदम तापतं. नवी रोपं संध्याकाळी लावा, दोन-तीन दिवस जुन्या ओढणीची सावली करा, पाणी सकाळी बुंध्याशी द्या. कोरड्या उष्ण हवेत झेंडूच्या पानांखाली लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड बसते. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लागलं तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब.

आणि बियांसाठी एक कागदी पाकीट आत्ताच तयार ठेवा. तोरणासाठी बाजारातून आणलेला झेंडू बहुधा संकरित असतो, त्याच्या बियांतून तसंच फूल येईल याची खात्री नसते. घरच्या देशी झेंडूची दोन-तीन टपोरी फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या, मग खुडून पाकिटावर रंग आणि महिना लिहा.