शाळेसाठी माकारों करायचे आहेत? आधी वही घ्या, मग अंडी

माझी भाची नववीत आहे, तिसरी भाषा फ्रेंच. गेल्या जुलैत शाळेने प्रकल्प दिला: एक फ्रेंच पदार्थ स्वतः करायचा, करताना काय काय घडलं ते लिहायचं आणि वर्गासाठी चव आणायची. तिने माकारों निवडले, म्हणजे बदामाच्या पुडीच्या दोन चकत्यांमध्ये सारण भरलेली बिस्किटं. हाताशी तीन आठवडे, घरात साधा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आणि बाहेर पुण्याचा पाऊस. पाच घाणे फसले, सहावा जमला. त्या सहा घाण्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

नावाचा घोळ आधी मिटवू. फ्रेंच उच्चार माकारों, शेवटचा न नाकात. आपल्याकडे दुकानात मॅकरॉन म्हणतात. मॅकरून वेगळं, ते बहुधा खोबऱ्याचं. तमिळनाडूत तुतीकोरिनला काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं मॅकरून मिळतं. ते नात्यातलं, पण हे नव्हे.

वही आणि वजनकाटा

साहित्य चारच: पांढरा बलक, साखर, बदामाची पूड, आयसिंग शुगर. तरी अनारशासारखंच इथेही आहे. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पीठ ओलं होतं, गूळ जास्त झाला होता की तूप नीट तापलं नव्हतं, हे शोधावं लागतं. माकारोंच्या चकतीवरही चूक उमटलेली असते, ती वाचता आली पाहिजे. म्हणून वहीत प्रत्येक घाण्याचं एक पान करा: हवा दमट की कोरडी, वजनं, किती मिनिटं फेटलं, किती वेळा ढवळलं, किती वेळ सुकवलं, किती तापमानाला किती भाजलं आणि काय झालं. पुढच्या घाण्यात एकच गोष्ट बदलायची. आम्ही तिसऱ्या वेळी दोन बदलल्या, सुकवलंही जास्त आणि ढवळलंही जास्त. तडे नाहीसे झाले, पण ते कशामुळे हे सांगता येईना.

बदाम महाग आहेत, म्हणून सराव एकाच अंड्याचा करा. वाटी-चमच्याने मोजू नका, डिजिटल काटा हवाच. आमचं प्रमाण: पांढरा बलक ३५ ग्रॅम, बारीक दाण्याची साखर ३५ ग्रॅम, बदामाची पूड ४५ ग्रॅम, आयसिंग शुगर ४५ ग्रॅम. एका अंड्यातून ३० ग्रॅमच बलक निघाला तर बाकीचंही त्याच हिशोबाने कमी करायचं. यात साधारण वीस चकत्या होतात, म्हणजे दहा माकारों.

पूड

तयार बदाम पूड मिळत असेल तर घ्या. घरी करायची तर बदाम गरम पाण्यात टाकून सोला आणि अगदी खडखडीत वाळवा. मग आयसिंग शुगरसोबतच मिक्सरला थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलंत तर बदामाला तेल सुटतं आणि पीठ चिकट होतं. दोनदा चाळा. चाळणीत राहिलेला रवा दाबून खाली ढकलायचा मोह होतो, ढकलू नका. तो बाजूला काढा आणि तेवढ्या वजनाची बारीक पूड घाला.

फेटणं

बलक वेगळा करताना पिवळ्याचा ठिपकाही पडता कामा नये, स्निग्धपणा असेल तर फेस धरत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या आणि लिंबाच्या फोडीने पुसून कोरडं करा. इलेक्ट्रिक बीटर आधी मंद चालवा. साबणासारखा फेस आला की साखर तीन वेळा विभागून घाला, मग वेग वाढवा. फेस चकचकीत होतो आणि बीटर उचलल्यावर त्याचं टोक ताठ उभं राहतं. इथे थांबा. पुढे फेटत राहिलं तर फेस कोरडा, गुठळ्यांचा होतो. रंग घालायचा असेल तर जेलचा किंवा पुडीचा, आता घाला. पातळ रंगाने पाणी वाढतं.

ढवळणं: सगळ्यात अवघड भाग

पूड आणि फेस एकत्र करण्याला फ्रेंचमध्ये माकारोनाज म्हणतात. यासाठी वेगळा शब्द असावा असंच हे काम आहे. चाळलेली पूड फेसात घालायची, स्पॅट्युला भांड्याच्या कडेने फिरवून तळातून वर आणायचा आणि मधून कापत जायचं. सुरुवातीला गोळा जाडाभरडा दिसतो. मग हळूहळू सैल होतो, चमक येते. फेसातली थोडी हवा मुद्दाम काढायची असते. सगळी नाही.

भाची मोठ्याने मोजत होती. तिसऱ्या घाण्याला सत्तरपर्यंत गेली. पीठ डोशाच्या पिठासारखं वाहिलं आणि ट्रेवरच्या गोल चकत्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. चौथ्याला पंचेचाळिसाव्या फेऱ्याला मी तिला थांबवलं. तिने स्पॅट्युला उचलला, पीठ न तुटता रिबिनीसारखं खाली आलं आणि त्याने भांड्यात आकडा काढता आला. इंग्रजी आठ काढायचा, कारण मराठी ८ मध्येच उघडा राहतो आणि धार तुटली की नाही ते कळत नाही. आकड्याची रेघ दहा-पंधरा सेकंदांत पिठात मिसळून गेली. "मावशी, हेच ना?" हेच. घट्टपणा इडलीच्या आणि डोशाच्या पिठाच्या मधला. तुमचा आकडा पंचेचाळीस नसेल, तो हातावर आणि फेसावर ठरतो, पण वहीत लिहा. शंका आली की आधी थांबा, पायपिंग बॅगेत (टोकाला नोझल, म्हणजे नळी, असलेल्या पिशवीत) भरतानाही पीठ आणखी सैल होतं.

ट्रेवर सोडणं आणि सुकवणं

बेकिंग पेपरच्या मागच्या बाजूला साडेतीन सेंटिमीटरचे गोल काढून घ्या, बांगडीपेक्षा छोटी बाटलीची टोपणं चालतात. नोझल उभं धरून मधोमध पीठ सोडा. ट्रे ओट्यावर तीन-चार वेळा जोरात आपटा. बुडबुडे वर येतील, ते टूथपिकने फोडा.

मग सुकवा. बोट लावल्यावर पीठ चिकटलं नाही, वर पातळ साय धरली, की झालं. कोरड्या हवेत अर्धा तास पुरतो. आमचा पहिला घाणा आम्ही न सुकवता आत घातला. सगळ्या चकत्या वरून फुटल्या, उन्हाळ्यातल्या शेतजमिनीसारख्या. वाफ वर साय नसल्यामुळे वरून निघाली. साय घट्ट असली की तीच वाफ खालून सुटते आणि चकतीच्या तळाशी जाळीदार झालर उभी राहते. फ्रेंच तिला पाय म्हणतात. दुसऱ्या वेळी अर्धा तास ठेवलं, पण पावसाळी हवेत बोट चिकटतच होतं, आणि पुन्हा तडे. शेवटी ट्रे एसीच्या खोलीत तासभर ठेवला. मुंबई-कोकणाकडे पावसाळ्यात एवढं लागेलच असं धरून चाला.

हवा फारच दमट असेल तर इटालियन पद्धत बघा. त्यात साखरेचा पाक ११८ अंश सेल्सिअसला नेऊन फेटत्या बलकात धारेने ओततात. लाडूसाठी गोळीबंद पाक करणाऱ्यांना तो ओळखू येईल. फेस जास्त पक्का होतो, पण उकळता पाक आहे, मुलांनी एकट्याने करू नये.

भाजणं

ओटीजी पंधरा-वीस मिनिटं आधी तापवा. १५० अंशांना १४ ते १६ मिनिटं, मधल्या कप्प्यात, एका वेळी एकच ट्रे. चौथ्या घाण्यात झालर सुरेख आली, पण चकत्या तपकिरी पडल्या आणि आत पोकळ निघाल्या. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. बटण १५० वर आणि आत १७५! चार घाण्यांच्या बदामांपेक्षा तो थर्मामीटर स्वस्त पडला असता, म्हणून तुम्ही तो पहिल्या दिवशीच आणा.

पाचव्या घाण्याला तापमान बरोबर होतं, पण बाराव्या मिनिटाला काढला आणि निम्म्या चकत्यांचे तळ कागदाला चिकटून राहिले. सहाव्याला सोळा मिनिटं दिली. बोटाने हलकेच हलवून बघायचं: वरचा भाग झालरीवर डुलला तर अजून दोन मिनिटं. काढल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका.

झालर एकाच बाजूला तिरकी आली तर ओव्हनचा पंखा बंद करून बघा किंवा ट्रे मध्यावर फिरवा.

सारण आणि शाळेचा डबा

१०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे, त्यावर ५० ग्रॅम गरम क्रीम, दोन मिनिटांनी ढवळा. दाट झालं की सारख्या मापाच्या दोन चकत्यांमध्ये भरा. नंतर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये २४ तास. हा दिवस वाचवू नका. सारणाची ओल चकतीत मुरते आणि आतून ती मऊ होते. ताजे भरलेले आणि एक दिवस मुरलेले माकारों शेजारी ठेवून खाऊन बघा, फरक वहीत लिहिण्याजोगा आहे. म्हणजे सोमवारी न्यायचे तर शनिवारी भाजा, रविवारी खाऊ नका.

प्रकल्पाच्या लेखनासाठी एक गोष्ट हमखास घ्या. फ्रान्समधल्या नान्सी शहरात राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली मठ बंद झाल्यावर दोन नन्सनी माकारों करून विकले, आजही तिथे त्यांच्या नावाची गल्ली आहे. नान्सीचे माकारों एकेरी असतात, सारणाशिवाय, आणि वरून तडे गेलेले. दोन चकत्या जोडण्याची पॅरिसची पद्धत विसाव्या शतकातली, तिचं श्रेय लादुरे या दुकानाच्या पिएर देफोंतेन यांना दिलं जातं. भाचीने पहिल्या घाण्याचा फोटो नान्सीच्या परिच्छेदाशेजारी चिकटवला.

डब्यावर ठळक अक्षरांत लिहा: अंडं, बदाम, दूध. वर्गात ॲलर्जीची मुलं असतात आणि अंडं न खाणारी घरंही असतात. त्यांच्यासाठी छोले शिजवलेलं पाणी आटवून, गार करून, बलकाइतकंच वजन घेऊन फेटता येतं. साखरही तेवढीच. फक्त तापमान थोडं कमी ठेवून जास्त वेळ भाजावं लागतं, आणि त्याचे सरावाचे घाणे वेगळे धरा.

नेताना माकारों आडवे रचू नका. टिश्यू लावलेल्या डब्यात बिस्किटांसारखे उभे, दाटीने लावा. राहिलेले पिवळे बलक त्याच दिवशी कस्टर्डला वापरा. अंडी जास्त फोडली असतील तर गोव्याची बेबिंका करा, तिला पिवळे बलक भरपूर लागतात.