शेततळ्याची जागा: नकाशावरचं गणित सोपं ठेवा

शेततळ्याची जागा शोधताना क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये माती, उतार असे दहा-बारा थर चढवून प्रत्येकाला ०.१७, ०.२३ असे भारांक (कशाला किती महत्त्व, त्याचा आकडा) दिले की नकाशा भारदस्त दिसतो. पण ग्रामसभेत कुणी विचारलं, हे ०.१७ आलं कुठून, तर सांगायला काही नसतं. भारांक म्हणजे शेवटी आपलं मतच. ज्याला वाद घालायचा त्याला घालता यावा, इतकं ते उघडं ठेवा.

आधी बाद जागा काढा: नाल्याचं पात्र, गावठाण, रस्ता, जास्त उतार. उताराची मर्यादा ३ टक्के की ५, हे तुम्हीच ठरवायचं. कारण मात्र एका ओळीत लिहून ठेवा. प्रत्येक अटीचा ०-१ चा थर (चालेल तिथे १, बाद तिथे ०) करून रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे थरांचं गणित करणाऱ्या क्यूजीआयएसच्या साधनात, गुणाकार करा. एका थरात शून्य आलं की जागा बाद.

उतारात दोन चुका हमखास होतात. उंचीचा रास्टर (चौकटी-चौकटींचा नकाशा) अक्षांश-रेखांशातच राहिला तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये मोजली जाते, नि सपाट माळही कड्यासारखा दिसतो. म्हणून आधी तो यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, न्या: पुणे-नाशिकला विभाग ४३ उत्तर, नागपूरला ४४ उत्तर. दुसरी चूक एककाची. उतार अंशांत काढून मर्यादा ५ टाकली, तर ती जवळपास पावणेनऊ टक्के होते; ५ टक्के म्हणजे जेमतेम २.९ अंश.

उरलेल्या जागांना तीन निकष पुरेत: माती (काळी चिकण ३, मध्यम २, मुरमाड १), वरून येणारं पाणलोट क्षेत्र आणि भिजवायच्या शेतापासूनचं अंतर. सगळ्यांना १ ते ३ गुण, भारांक सारखाच, साधी बेरीज. पाणलोट घेतल्यावर नाल्यापासूनचं अंतर वेगळं धरू नका, तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. प्लास्टिकचं अस्तर घालणार असाल तर पाणी मातीत मुरत नाही, म्हणून मातीचा निकष गाळाच.

आता मातीचे गुण दुप्पट करून पाहा, मग पाणलोटाचे. पहिल्या पाच जागा त्याच राहिल्या तर भारांकांवर भांडायचं कारण नाही. बदलल्या तर दोन्ही नकाशे गावापुढे ठेवा आणि गावाला ठरवू द्या.

एसआरटीएमची (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या माहितीची) एक चौकट साधारण ३० मीटरची, म्हणजे ३० बाय ३० चं अख्खं तळं तेवढ्यातच. आतला बांध, उंचवटा, कातळ नकाशाला दिसत नाही. त्या पाच जागांवर जाऊन तळ्याच्या खोलीइतका, ३ मीटर, चाचणी खड्डा घ्या. दीड मीटरवर कातळ लागला तर ९ पैकी ९ गुणांची जागाही सोडा.