मागचं ॲक्सल बेअरिंग गेलंय का, आणि गेलं असेल तर बदलायचं कसं

जुनी फोर बाय फोर घेताना आधीचा मालक ती किती वेळा पाण्यात घातली ते सांगत नाही, ते नंतर मागचं ॲक्सल बेअरिंग सांगतं. गाडीने जरा वेग घेतला की मागून घूंऽऽ असा आवाज येतो आणि स्पीडबरोबर वाढत जातो. मड टायरपण असेच ओरडतात म्हणून आधी टायरवर संशय जातो, पण रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो आणि बेअरिंगचा तसाच राहतो. मोकळ्या रस्त्यावर हळूच उजवीकडे वळवून बघा, वजन डाव्या बाजूला जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डावं गेलंय.

मग पुढच्या चाकांना ओट (गाडी घसरू नये म्हणून ठोकळा) लावा, गाडी उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर काम करू नका प्लीज. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा, खडखड किंवा प्ले (ढिलेपणा) जाणवतोय का बघा. नंतर गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडून एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना चक्क जाणवते, वाळू दळल्यासारखी. ब्रेक ड्रम काढल्यावर आत डिफचं (डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलमधला गिअरचा भाग) ऑइल दिसलं तर ते अडवणारं सीलपण गेलंय, आणि ऑइलने भिजलेले ब्रेक शू पुसून परत लावायचे नाहीत, बदलायचेच.

खालचं सगळं सेमी फ्लोटिंग ॲक्सलसाठी आहे, जिथे बेअरिंग शाफ्टवर प्रेस केलेलं असतं आणि मागे लॉक रिंग असते. फुल फ्लोटिंग किंवा सी क्लिपवाल्याचं (शाफ्ट डिफच्या आत क्लिपने अडकवलेला असतो) काम वेगळं.

ड्रमच्या मागचे नट, बहुतेक चार, सोडा. काही गाड्यांत ब्रेकची प्लेट शाफ्टबरोबर बाहेर येते, तिथे ब्रेक पाइप आणि हँडब्रेक केबल आधी काढून घ्या. शाफ्ट हलत नसेल आणि स्लाइड हॅमर नसेल तर ड्रम उलटा लावा, व्हील नट दोन-चार आटेच फिरवा आणि ड्रम जोरात स्वतःकडे ओढा, तोच हातोड्याचं काम करतो. खाली ट्रे ठेवा, ऑइल येणार.

लॉक रिंगला ग्राइंडरने खाच पाडा पण शाफ्टला धक्का लागू देऊ नका, जवळजवळ पूर्ण कापत आली की छिन्नीचा एक फटका पुरतो. गॅसने तापवू नका, शाफ्टचं हार्डनिंग जातं. जुनं बेअरिंग प्रेसवरच काढा, आणि ते दाबाखाली फुटू शकतं म्हणून भोवती जाड कापड गुंडाळा, गॉगल घाला.

बसवताना क्रम नीट बघा: आधी रिटेनर प्लेट (ड्रमच्या मागच्या नटांनी आवळली जाते ती), मग गाडीप्रमाणे सील, मग बेअरिंग, शेवटी रिंग. एकदा मी घाईत प्लेट टेबलावरच विसरलो आणि बेअरिंग-रिंग दोन्ही प्रेस करून बसलो, परत कापायला लागलं आणि नवीन बेअरिंग वाया गेलं, कारण प्रेसवरून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही. म्हणून काढताना प्रत्येक स्टेपचा फोटो घ्या. दाब फक्त आतल्या रेसवर (बेअरिंगच्या आतल्या कड्यावर) द्या, बाहेरच्यावर दिला तर रेसवर रोलरचे खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून ओरडतं. रिंग बेअरिंगला टेकेपर्यंत बसली पाहिजे, कारण शाफ्ट आत धरून ठेवणारी तीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण सोडून देतात. बेअरिंग मेलं कशाने? तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) मातीने बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डिफ ऑइल दुधाळ दिसलं की हेच झालंय. ब्रीदर साफ करा, शक्य असेल तर नळी लावून वर चेसिसपर्यंत न्या, ऑइल पूर्ण बदला. सील जिथे शाफ्टवर घासतं तिथे नख फिरवून बघा, नख अडकलं तर नवीन सीलपण गळणार.

जोडल्यावर ऑइल लेव्हलच्या भोकापर्यंत भरा, ब्रेक पाइप काढला असेल तर ब्लीडिंग करा, म्हणजे पाइपमधली हवा काढा. ५० किमी चालवून आलात की दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन बघा, एक बाजू दुसरीपेक्षा खूप जास्त तापली असेल तर परत उघडा.