गडकरीची मैफल आणि नेरूळचं स्टेडियम: निघण्याआधीची तयारी

तिकीट काढलं की आधी परतीचा विचार करा. कार्यक्रम किती वाजता सुरू होणार हे तिकिटावर छापलेलं असतं, घरी कसं पोचायचं हे आपल्यालाच बघावं लागतं. उघड्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. वर्षातल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा मोठा कार्यक्रम दहाच्या सुमारास आटोपतो आणि सगळी गर्दी एकदमच स्टेशनकडे चालू लागते. ठाण्याला यायचं असेल तर ट्रान्स हार्बर लोकलच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशीच एम-इंडिकेटर ॲपवर बघून कागदावर लिहून ठेवा. परतीचं तिकीट जातानाच काढा. रविवार असेल तर दुपारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेही बघा.

कागदावर अशासाठी, की स्टेडियमजवळ नेटवर्क जवळजवळ बंद पडतं. २०१९ साली यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन दिवस कोल्डप्ले इथेच वाजले. एवढी माणसं एकाच वेळी फोन काढतात म्हटल्यावर टॉवर तरी काय करणार? तिकीट ज्या ॲपवर आलं असेल ते घरीच उघडून ठेवा, फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक चालते का ते नियमांत वाचा. एका कार्यक्रमाला आमच्या चौघांची तिकिटं एकाच फोनवर होती आणि तो गेटच्या अलीकडे बंद पडला. बहिणीच्या आवडीचं गाणं आम्ही भिंतीपलीकडून ऐकलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर, हा आमच्या घरचा नियम आहे. कुणी हरवलं तर भेटायची जागाही आत शिरण्याआधी ठरवा.

आता कान. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ८५ डेसिबलचा आवाज साधारण आठ तास सोसता येतो असं मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात स्पीकरच्या भिंतीजवळ एवढा आवाज सहज असतो आणि तिथे आपण दोन-अडीच तास उभे राहतो. कानातल्या ज्या बारीक केसाळ पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. चिमटीत वळून त्याची बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायची. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर काही उपयोग नाही. आदल्या रात्री घरी एकदा करून बघा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कान झाकणारे मफ हवेतच, त्यात तडजोड नको.

ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गाण्याच्या मैफिलीची तयारी अगदी वेगळी. तलावपाळीला लागून असलेलं गडकरी रंगायतन १९७८ चं, स्टेशनवरून चालत जाण्यासारखं. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने समारोह करते, तसं काही असलं की वीस मिनिटं आधी जाऊन बसा. तबलजी हातोडीने तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत त्याची एकेक बाजू सुरात आणतो, तानपुऱ्याच्या तारेखालचा दोरा केसभर सरकतो आणि तार एकदम बोलू लागते. माझ्यासाठी मैफल तिथूनच सुरू होते. गाणं कळत नाही म्हणून येणं टाळू नका. फक्त आठवडाभर रोज विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालातला एक ख्याल ऐका. बारा मात्रांचं एक आवर्तन, कधीकधी मिनिटभर चालणारं. बोटांवर मात्रा मोजत समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची वाट बघा. तीनचार दिवसांत मान आपोआप समेवर हलू लागते, आणि मग सभागृहातली दाद कशाला मिळाली हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पिशवीत शाल ठेवा, एसी कडक असतो. खोकल्यासाठी खडीसाखर किंवा लवंग, तीही आधीच कागदातून काढून डबीत. संथ आलापीत वेष्टन चुरचुरलं तर पाच रांगांना ऐकू जातं. फोन बंदच करा. बाहेर जायचं तर राग संपल्यावर. आणि शेवटची भैरवी लागली की रिक्षासाठी उठू नका, माझी कळकळीची विनंती आहे. गाडीचा हिशेब करतानाच तिची वीस मिनिटं धरा.

वाशीच्या भावे नाट्यगृहात नाट्यसंगीत असेल तर एवढं अवघडून बसायची गरज नाही, तिथे मनापासून वन्समोअर द्यायचा. उलट मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए सभागृहात पाश्चात्त्य वाद्यवृंदाची सिंफनी ऐकायला निघालात तर एका रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबायचं. उशीर झाला तर मधल्या विरामापर्यंत दाराबाहेर राहावं लागतं, म्हणून ठाण्याहून एक गाडी आधीची पकडा.

राहिली दिवाळी पहाट. संध्याकाळच्या कार्यक्रमांमुळे सकाळचे राग आपल्या कानावर फारसे पडतच नाहीत, म्हणून ही एक सकाळ मी सोडत नाही. उटणं, कपडे, सतरंजी, आईसाठी घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, सगळं रात्रीच दाराशी ठेवते. अभ्यंगस्नान चारला, घराबाहेर पाचला. गायक ललत रागाने सुरुवात करणार असेल तर तो राग उजाडायच्या आतच गातात. साडेसहाला पोचलात तर ललत गाऊन झालेला असतो.